आठवड्याच्या बातम्यांची पोस्ट लिहिताना या चुका टाळा

फोंड्यात आम्ही चौघं दर शनिवारी संध्याकाळी बसतो आणि आठवडाभरातल्या गोव्याच्या बातम्यांतून सात-आठ निवडून पोस्ट लिहितो. रविवारी सकाळी त्या फेसबुक, इन्स्टाग्राम, एक्स आणि व्हॉट्सअ‍ॅपवर जातात. बहुतेक वाचक लिंक उघडत नाहीत, वरच्या दोन ओळी वाचून पुढे सरकतात. खालच्या प्रतिक्रिया वाचल्या की हे लगेच कळतं. म्हणून त्या दोन ओळींतच बातमी पुरी आणि खरी असायला हवी. 'पाहा पुढे काय घडलं' असं लिहून वाचकाला ताटकळत ठेवू नका.

गावाचं नाव

आम्हाला सगळ्यात महाग पडलेली चूक हीच. बार्देशात कोलवाळ, सासष्टीत कोलवा. इंग्रजी स्पेलिंगमध्ये शेवटच्या दोन अक्षरांचा काय तो फरक. एका पावसाळ्यात रस्ता बंद असल्याचं पत्रक घाईत वाचलं आणि 'कोलवाळात' लिहायचं ते 'कोलव्यात' असं गेलं. मडगावच्या एका काकूंचा फोन आला, "अरे बाबा, कोलव्याला बारशाला जायचंय, रस्ता खरंच बंद आहे का?" तोवर पोस्ट कितीतरी ग्रुपांवर फिरली होती.

भाषांतराचं साधन वापरलंत तर जास्तच जपा. ते 'क्वेपेम', 'अरंबोल', 'अल्डोना' असं काहीबाही लिहून देतं. आपल्याकडे ते केपे, हरमल, हळदोणे. आम्ही आता गावासोबत तालुकाही लिहितो. एक शब्द वाढतो, पण गोंधळ उरत नाही.

'आज', 'काल', 'उद्या'

मंगळवारच्या बातमीत 'उद्या सकाळी वीज बंद' असतं. ती ओळ तशीच रविवारी गेली, तर लोक सोमवारी पहाटे उठून टाक्या भरून ठेवतात. वार आणि तारीख दोन्ही लिहा, आणि मुदत उलटून गेलेली सूचना सरळ गाळा.

तारीख पडली म्हणजे निकाल लागला नव्हे

म्हादई नदीच्या पाण्यावरून कर्नाटकशी चाललेल्या वादात हे वारंवार होतं. सुनावणी नुसती पुढे गेली, तरी पोस्टमध्ये 'गोव्याला धक्का' येतो. लोकांचा जीव या नदीत गुंतलेला आहे, त्यांना उगाच घाबरवू नये. आधी या आठवड्यात नेमकं काय झालं ते सांगा, मग एका ओळीत मागचा संदर्भ द्या: पाणीवाटप लवादाने ऑगस्ट 2018 मध्ये कर्नाटकच्या वाट्याला 13.42 टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी दिलं. 'टीएमसी' गळलं की त्या आकड्याला काही अर्थ राहत नाही.

वाड्याचं नावसुद्धा ओळख सांगतं

इथे माझं मत ठाम आहे. अत्याचाराच्या बातमीत पीडितेचं नाव द्यायचं नाही, हे बहुतेकांना ठाऊक असतं. पण आपल्या गावांत वाडा, शाळा आणि 'वडील अमुक ठिकाणी कामाला' एवढं सांगितलं की घर कळतं. मूल असेल तर पॉक्सो, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धच्या कायद्याचं कलम 23 नावाबरोबर पत्ता, फोटो, कुटुंब, शाळा, शेजार यांतलं काहीही उघड करण्यास मनाई करतं. मूळ बातमीत ते छापून आलं असलं तरी आपण पुढे नेऊ नये. अशा पोस्टखालच्या प्रतिक्रियाही तपासा, कारण नाव अनेकदा तिथेच फुटतं. आणि पोलिसांनी ताब्यात घेतलेला माणूस संशयित असतो, त्याला 'नराधम' लिहू नका.

पोस्ट नीट दिसत नसेल तर

एक्सवर 280 चिन्हांची मर्यादा लवकर संपते, कारण तिथे काना, मात्रा, हलन्त सगळं वेगळं मोजलं जातं. 'म्हादई' डोळ्यांना तीन अक्षरं, एक्सला सहा. लिंक कितीही लांब असो, ती 23 धरली जाते.

बातमीचं शीर्षक सुधारूनही फेसबुकवर जुनंच दिसतं, कारण पहिल्यांदा घेतलेलं शीर्षक आणि फोटो ते साठवून ठेवतं. फेसबुकच्याच 'शेअरिंग डीबगर' या पानावर लिंक टाकून 'स्क्रेप अगेन' दाबा, नवीन येतं.

डीटीपीच्या जुन्या फॉन्टमधला मजकूर चिकटवला तर कचरा उमटतो, आधी युनिकोडमध्ये बदलून घ्या. व्हॉट्सअ‍ॅपवर ठळक अक्षरांसाठी दोन्ही बाजूंचा तारा (*) शब्दाला चिकटून हवा, मध्ये जागा सुटली की तारेच दिसतात. इन्स्टाग्रामच्या कॅप्शनमधली लिंक दाबता येत नाही, ती बायोत द्या.

चूक झालीच तर

व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेला संदेश 15 मिनिटांपर्यंतच बदलता येतो, आणि पुढे गेलेल्या प्रती तशाच फिरत राहतात. त्यामुळे गुपचूप बदल करून भागत नाही. काय चुकलं होतं तेही दुरुस्तीत आलं पाहिजे, म्हणजे ज्याच्याकडे जुनी प्रत आहे त्याला ती ओळखता येते. आम्ही त्या दिवशी लिहिलं: 'दुरुस्ती. आधीच्या पोस्टमध्ये कोलवा लिहिलं होतं. बंद रस्ता कोलवाळचा, तालुका बार्देश. कोलव्याचा रस्ता चालू आहे.' आणि ते पहिल्यांदा त्या काकूंना पाठवलं.