व्हॉल्यूम पेडल: आधी जागा ठरवा, मग पेडल घ्या

व्हॉल्यूम पेडल, म्हणजे गिटारचा आवाज पायाने कमी-जास्त करायचं साधन, घ्यायला निघालेल्या प्रत्येकाला मी आधी एकच विचारते: गिटारपासून ॲम्पपर्यंतच्या रांगेत ते बसणार कुठे? "ते नंतर बघू, आधी चांगलं कुठलं ते सांगा," असं उत्तर येतं. पण 'चांगलं कुठलं' हे जागेवरच ठरतं. एका जागी सुरेख चालणारं पेडल दुसऱ्या जागी गिटारचा आवाज पार बोथट करून टाकतं, आणि मग दोष कंपनीला लागतो.

मी सोलापुरात भावगीतांच्या आणि जुन्या हिंदी गाण्यांच्या कार्यक्रमांना इलेक्ट्रिक गिटार वाजवते आणि घरी शिकवते. गायकाच्या साथीला बसणाऱ्या गिटारवाल्याने पैसे साठवून पहिली कुठली वस्तू घ्यावी, तर हीच, असं माझं ठाम मत आहे. कोरस, वा-वा, डिस्टॉर्शन असे आवाजाचा पोत बदलणारे इफेक्ट्स सगळे नंतर. गिटारचा सूर तार छेडली त्या क्षणी सगळ्यात मोठा असतो आणि तिथून विरतच जातो. गायक सूर लावल्यावर तो फुलवू शकतो, व्हायोलिनवाला गजाने फुलवतो, हार्मोनियमवाला भात्याने. आपल्या बोटांना ते जमत नाही. पेडल आलं की पायाला जमतं.

२५० की २५?

साध्या, म्हणजे पॅसिव्ह पेडलच्या पोटात फक्त एक पॉट, म्हणजे फिरवल्यावर विजेचा रोध बदलणारा भाग असतो, गिटारवरच्या व्हॉल्यूमच्या नॉबखाली असतं तसंच. बॅटरी नको, अडॅप्टर नको. मंडपात जनरेटरवर वाजवणाऱ्यांसाठी ही मोठी सोय आहे, म्हणून मी स्वतः पॅसिव्हच वापरते. ॲक्टिव्ह पेडलमध्ये बफर, म्हणजे सिग्नलची धार पुढे टिकवणारं छोटं सर्किट असतं, काहींत पॉटऐवजी प्रकाशावर किंवा चुंबकावर चालणारा सेन्सर असतो, त्यामुळे खरखर कधी होत नाही. पण त्याला वीज लागते आणि किंमतही चढी असते.

पॅसिव्ह पेडलं मुख्यतः दोन जातींची. एकात २५० किलोओहमचं पॉट, दुसऱ्यात २५ किलोओहमचं. बोलताना सगळे '२५० के' आणि '२५ के' म्हणतात. अर्नी बॉल कंपनीच्या व्हीपी ज्युनियर पेडलमध्ये हे दोन्ही प्रकार मिळतात. बॉस कंपनीच्या एफव्ही-५०० मध्ये 'एच' आणि 'एल' अशी अक्षरं असतात: एच म्हणजे हाय इम्पीडन्स, थेट गिटारसाठी, एल म्हणजे लो इम्पीडन्स, कीबोर्डसाठी किंवा बफरनंतरच्या जागेसाठी. दुकानात खोक्यावरचं हे एक अक्षर आधी बघा, रंग आणि वजन मागून.

कारण असं. गिटारच्या तारांची थरथर विजेत बदलणारं साधं, बॅटरीशिवायचं पिकअप म्हणजे तारेचं मोठं वेटोळं. चार हेन्रीच्या (हेन्री हे वेटोळ्याचं माप) आसपासच्या हंबकरला, म्हणजे दोन वेटोळ्यांच्या पिकअपला, थेट २५ केचं पेडल जोडलं, तर साधारण १ किलोहर्ट्झच्या वरचं सगळं उतरायला लागतं. गिटारची धार जिथे असते तोच भाग गेला. म्हणून गिटारची केबल थेट पेडलमध्ये जात असेल तर २५० केच घ्यायचं.

मग सगळ्यांनी २५० केच का घेऊ नये? ते पूर्ण उघडं असताना ठीक असतं, अडचण मधल्या जागी येते. पॉट रोधाच्या निम्म्यावर आलं की पेडलच्या बाहेर पडणाऱ्या सिग्नलला ६२.५ किलोओहमचा रोध आडवा येतो. पुढे पाच मीटरची केबल आहे असं धरा. केबलची धारकता मीटरला १०० पिकोफॅरड म्हटली तर ५०० पिकोफॅरड झाले. या दोघांचा हिशेब मांडला की वरच्या धारेची कापणी ५ किलोहर्ट्झच्या आसपास सुरू होते. म्हणजे आवाज कमी केला की तो मंदही होतो आणि गढूळही. हाच हिशेब २५ केला लावला तर आकडा ५० किलोहर्ट्झच्या पुढे जातो, कानाच्या पार पलीकडे. म्हणून आधी बफर आणि नंतर २५ के ही जोडी मला सगळ्यात स्वच्छ वाटते. बफर वेगळा विकत घ्यायलाच हवा असं नाही. बॉसचे छोटे पेडल बंद असतानाही सिग्नल बफरमधूनच सोडतात. टीयू-३ ट्यूनर असेल तर तो सगळ्यात आधी लावा आणि पुढे २५ के. काम झालं.

बफर नको असेल आणि २५० केच ठेवायचं असेल, तर पेडलच्या पुढची केबल जितकी आखूड तितकं बरं. आणि अशा पेडलच्या 'ट्यूनर आउट'मध्ये, म्हणजे ट्यूनर जोडायच्या वेगळ्या भोकात, लांब केबल लावून ठेवू नका. ती सिग्नलला समांतर लटकते आणि तीही वरची धार खाते.

रांगेत कुठे

ड्राइव्हच्या, म्हणजे आवाज फोडणाऱ्या पेडलच्या, आधी लावलं तर पेडल गिटारच्या नॉबसारखं वागतं: टाचेकडे आणलं की ड्राइव्हची धार उतरून आवाज स्वच्छ होतो, चवड्याकडे दाबलं की पुन्हा फुटतो. ड्राइव्हच्या नंतर लावलं तर धार तीच राहते, फक्त लहान-मोठी होते. जुन्या पद्धतीचा फझ (आवाज फार खरखरीत फोडणारं पेडल) असेल तर त्याला गिटारच्या लगेच पुढे ठेवा, मधे बफरही नको आणि पेडलही नको.

साथीसाठी माझा क्रम ठरलेला आहे: गिटार, ट्यूनर, ड्राइव्ह, व्हॉल्यूम पेडल, डिले (पडसाद देणारं), रिव्हर्ब (घुमारा देणारं), ॲम्प. डिले आणि रिव्हर्ब पेडलच्या पुढे असल्यामुळे पाय मागे घेतला तरी आधीचे सूर मागे दरवळत राहतात. गायिका पुढच्या ओळीवर येते तेव्हा गिटार एकदम तुटल्यासारखी वाटत नाही. पेडल रिव्हर्बच्याही पुढे ठेवलं तर टाच मागे आली की सगळंच बंद. भाषण सुरू झाल्यावर गप्प बसायला ते बरं, गाण्यात नाही. ॲम्पला इफेक्ट्स लूप (ॲम्पच्या आत मधेच पेडल जोडायची सोय) असेल आणि पेडल तिथे लावायचं असेल, तर २५ केच.

घेताना

सोलापुरात पेडल मागवता येतं, पण पायाखाली घेऊन बघायला मिळतंच असं नाही. म्हणून मी विद्यार्थ्यांना सांगते, सकाळच्या हुतात्मा एक्सप्रेसने पुण्याला जा आणि स्वतःची गिटार बरोबर न्या. दुकानातल्या गिटारवर पेडल तपासू नका. तिथे तीन गोष्टी बघा. पाय अगदी सावकाश हलवताना आवाज सलग चढतो, की शेवटच्या बोटभर अंतरात एकदम उसळतो? मधे पाय काढून घेतला तर पेडल तिथेच राहतं की घसरतं? आणि टाचेकडे पूर्ण आणल्यावर खरंच शांतता होते का?

आवाज चढण्याच्या चालीबद्दल थोडं जास्त सांगते, कारण हातात पेडल आल्यावर तक्रार इथेच येते. लॉग पॉट कानाला सलग वाटतं, लीनियर पॉटमध्ये सुरुवातीलाच सगळा आवाज येऊन जातो. व्हीपी ज्युनियरच्या आत चढण्याची चाल बदलायचा एक बारीक स्विच असतो. पेडल पटत नसेल तर विकायच्या आधी तो बदलून बघा. एफव्ही-५०० ला किमान आवाजाचा नॉब असतो. म्हणजे टाच पूर्ण मागे असली तरी आवाज शून्य न होता तुम्ही ठरवलेल्या पातळीवर थांबतो. ऱ्हिदम आणि मधला तुकडा अशा दोनच पातळ्या हव्या असतील तर हा नॉब लाखमोलाचा. डनलॉप कंपनीच्या डीव्हीपी-३ मध्ये पॉट फिरवायला दोरीऐवजी पट्टी असते, चाल फार मऊ असते आणि ते एक्स्प्रेशन पेडल म्हणूनही, म्हणजे दुसऱ्या इफेक्टची पातळी पायाने बदलायलाही, चालतं.

स्टेजवर

आपल्याकडे गणपतीच्या मंडपात, देवळाच्या आवारात चपला-बूट काढूनच वर चढतो. पेडलच्या पुस्तिकेत बुटातला पाय गृहीत धरलेला असतो. अनवाणी पायाने पेडल जास्त चांगलं वाजतं, कारण चवड्याखाली रबराची प्रत्येक रेघ लागते आणि पाव इंचाची हालचालही कळते. पण घामाने तळवा रबराला चिकटतो आणि पाय सरकण्याऐवजी झटका बसतो. मी पातळ सुती मोजे घालते, झटका जातो आणि स्पर्शही टिकतो.

खाली गादी, वर सतरंजी किंवा चादर अंथरलेली असते. तिच्यावर पेडल ठेवलं की टाचेकडे दाबताना मागून रुततं आणि चवड्याकडे दाबताना अख्खं पुढे सरकतं. १२ मिलिमीटर जाडीच्या प्लायवूडचा दीड फूट बाय एक फूट तुकडा कापून घ्या, त्यावर पेडल वेल्क्रोने बसवा आणि तो बरोबर न्या. हुतात्मा स्मृती मंदिरासारख्या बंदिस्त सभागृहात वाजवताना वेगळी काळजी: शांत जागी पेडल टाचेला आपटल्याचा 'टक' माइकमध्ये येतो. टाचेच्या टोकाखाली फेल्टचा तुकडा चिकटवा.

खुर्चीवर बसून वाजवत असाल तर घोटा गुडघ्याच्या किंचित पुढे येईल असं बसा. हालचाल घोट्यातून व्हायला हवी. मांडी उचलावी लागत असेल तर पेडल फार जवळ आहे.

पाय कसा शिकवायचा

पहिले काही दिवस गाणं वाजवू नका. तानपुऱ्याचं ॲप लावा, आठ मात्रांचा केरवा सुरू करा, लय संथ ठेवा. टाच पूर्ण मागे. समेला 'धा'वर एकच तार छेडा. काहीच ऐकू येणार नाही, यायला नकोही. आता 'धागेनाती' या चार मात्रांत पाय टाचेपासून चवड्यापर्यंत न्यायचा, 'नकधिना'त परत आणायचा. पाय चौथ्या मात्रेच्या आधी पोचत असेल तर तो घाई करतोय. जवळजवळ सगळ्यांचा करतो. छेडल्याचा आघात गिळला गेला आणि सूर व्हायोलिनसारखा उगवला, की समजा जमायला लागलं.

दुसरा अभ्यास मला जास्त महत्त्वाचा वाटतो. इथे टाच मागे नाही, पेडल निम्म्यावर. तार छेडा, आणि सूर विरायला लागला तसा चवडा हळूहळू दाबा, इतकाच की ऐकणाऱ्याला सूर एकाच उंचीवर राहिलेला वाटावा. पेडल स्टील (आडवी ठेवून वाजवायची, पायपट्ट्यांची गिटार) वाजवणारे आयुष्यभर हेच करतात. ते व्हॉल्यूम पेडल पूर्ण दाबून सहसा वाजवत नाहीत, कारण पुढे जायला जागा उरली नाही तर विरणारा सूर सावरणार कशाने? साथीतही माझा पाय कायम निम्म्याच्या जरा वर असतो. ॲम्पचा आवाज त्या जागेला धरून लावा, पूर्ण दाबलेल्या पेडलला धरून नको.

मग गाणं घ्या. गायिका ओळ म्हणत असताना आवाज खाली, शेवटचा शब्द संपता संपता चढवायला सुरुवात, म्हणजे मधला तुकडा येईपर्यंत आवाज जागेवर आलेला असतो. शब्द संपल्यावर चढवलात तर पहिले दोन सूर हरवतात. आलापाच्या मागे कॉर्ड उगवायची असेल तर डिले ४०० मिलिसेकंदांच्या आसपास, तीन-चार पडसाद, आणि थोडा रिव्हर्ब. ब्रिटिश गिटारवादक ॲलन होल्ड्सवर्थ यांच्या कॉर्ड ऐका. छेडल्याचा मागमूस नसतो, नुसता सुरांचा पडदा वर येतो. भावगीतामागे तो फार शोभतो, पण कडव्यातून एकदाच.

देखभाल

सोलापूरच्या उन्हाळ्यात धूळ पॉटमध्ये हमखास शिरते. पाय हलवताना खरखर आली तर पेडल उघडा, कॉन्टॅक्ट क्लीनर स्प्रे पॉटच्या फटीत थोडाच मारा आणि पॉट एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत भरपूर फिरवा. गंज सोडवायचा साधा स्प्रे वापरू नका, त्याचा तेलकट थर आणखी धूळ धरतो. पारा ४२च्या वर जातो त्या दिवसांत पेडल गाडीच्या डिकीत ठेवू नका. वेल्क्रोचा गोंद सुटतो.

दोरीवर चालणाऱ्या पेडलची दोरी कधीतरी तुटणारच. जुनी काढण्याआधी मोबाइलवर फोटो काढून ठेवा: पॉटच्या चाकाभोवती वेढे कुठल्या दिशेने आहेत आणि स्प्रिंग कुठे अडकवलीय. चादरीच्या या गावात दोऱ्याला तोटा नाही, पण सुती दोरा इथे घासून तुटतो आणि साधा नायलॉन ताणला जाऊन पेडल सैल पडतं. कंपनीची दोरी मागवणं उत्तम, तोवर न ताणणारी विणीची मासेमारीची दोरी चालते. गाठ मारून टोकाला फेव्हिक्विकचा एक थेंब सोडा.

साफ करूनही खरखर परत येत असेल तर पॉट बदलायचं. त्यावर छापलेलं वाचा, 'ए २५० के' किंवा 'ए २५ के'. यातला 'ए' म्हणजे लॉग. 'बी' लिहिलेलं लीनियर असतं, ते बसवू नका. तिन्ही वायरींना काढण्याआधी वेगवेगळ्या रंगाची टेप लावा. कडेच्या दोन वायरींची अदलाबदल झाली तर पेडल उलटं चालतं, टाचेला मोठं आणि चवड्याला बंद, आणि लॉगची चालही बिघडते.