शाईपेनाचा नाद आणि शाळेतून येणाऱ्या तक्रारी, दोन्ही एकाच टेबलावर

पहिली-दुसरीतलं पोर, शाळेतून सारखा "जरा भेटून जा" असा निरोप, आणि घरात आईला किंवा बाबाला शाईपेनांचा नाद. आमच्याकडे हेच आहे आणि विचारलं की अजून बरेच असे निघतात, म्हणून जे जे उपयोगी पडतं ते एकदाच लिहून टाकते. आधीच सांगते, शाईपेनाने मूल सुधारतं वगैरे काही नसतं. पेन दोन कामांना येतं, एक म्हणजे पोरासोबत रोज दहा-पंधरा मिनिटं वाद न घालता बसायला आणि दुसरं म्हणजे शाळेतल्या भानगडींची नोंद आपण स्वतः ठेवायला. ही दोन कामं एकमेकांत मिसळायची नाहीत, एवढा एकच नियम कडक पाळा. शाळेत कोणाला चावून आला तरी पेनांची वेळ चालू, आणि शहाण्यासारखा वागला म्हणून ती डबलही होत नाही. पेन जप्त करायचं नाही म्हणजे नाही. बक्षीस-शिक्षा दुसऱ्या कशाचीही करा, ज्या एका गोष्टीत तुमचं दोघांचं पटतं ती कशाला पणाला लावायची?

पेनांपासून सुरू करू कारण तो सोपा भाग आहे. पायलटचं काकुनो जपानात २०१३ साली मुलांना डोळ्यासमोर ठेवूनच काढलं, त्याच्या निबवर हसरा चेहरा कोरलेला असतो आणि तो चेहरा आपल्याकडे बघत असला की पेन बरोबर धरलंय, एवढं सहा वर्षांच्या पोरालाही कळतं. जर्मनीत बऱ्याच प्राथमिक शाळांत मुलं शाईपेनाने लिहायला शिकतात, पेलिकनचं पेलिकानो १९६० पासून त्याचसाठी आहे आणि त्यात डावखुऱ्यांसाठी वेगळी निबसुद्धा मिळते. ही पेनं ऑनलाइन मिळतात पण आपल्याकडच्या साध्या पेनांपेक्षा बरीच महाग पडतात, आणि पोराच्या हातून पहिलं पेन निबवर पडणारच आहे हे धरून चाला. म्हणून मला विचाराल तर मुंबईच्या एअरमेल किंवा वॅलिटीचं ड्रॉपरने शाई भरायचं पेन घ्या, किंवा पुण्यात असाल तर अप्पा बळवंत चौकात फिरून जे हातात हलकं वाटेल ते घ्या, निब मात्र फाइन किंवा मीडियमच. सोन्याची निब वगैरे तुमच्या कपाटात राहू दे.

शाई साधी रॉयल ब्लू. दांडेकर बंधूंनी १९३१ साली मुंबईत शाईपासून धंदा सुरू केला आणि त्यातून पुढे कॅम्लिन उभी राहिली, ती कॅमलची शाई अजूनही कोपऱ्यावरच्या स्टेशनरीवाल्याकडे मिळते आणि मुलासाठी तीच पुरे. फक्त बाटलीवरचं नाव नीट वाचा, कारण शेजारीच वॉटरप्रूफ ड्रॉइंग इंकची बाटली असते आणि ती पेनात गेली की आत वाळून घट्ट बसते, मग निबखालची ती काळी पट्टी, म्हणजे फीड, चोंदते आणि पेन बहुतेक कायमचं गेलं.

ड्रॉपरचं पेनच घ्या म्हणते कारण खरी मजा भरण्यात आहे. टेबलावर जुना पेपर, त्यावर स्टीलची ताटली, बाजूला फाटक्या बनियनचा तुकडा. तुम्ही पेनाची नळी उभी धरा, ड्रॉपर पोराच्या हातात. रबर आधी दाबायचं, मग शाईत बुडवायचं आणि हळू सोडायचं, हा क्रम पोरं हमखास उलटा करतात आणि बाटलीत बुडबुडे येतात, येऊ द्या, त्यात त्यांना जाम मजा येते. शाई नळीच्या तोंडाशी असलेल्या आट्यांच्या खालपर्यंतच भरायची, शाई गळू नये म्हणून आट्यांना बोटाने थोडंसं सिलिकॉन ग्रीस लावायचं आणि मग निबचा भाग फिरवून घट्ट बसवायचा. अजून एक, असं पेन अर्ध्याच्या खाली गेलं की लगेच परत भरा. आत हवा जास्त झाली की हाताच्या ऊबेने ती फुगते आणि निबमधून शाईचा थेंब टपकन कागदावर पडतो, पोराला वाटतं आपणच काहीतरी बिघडवलं आणि तिथे रडारड सुरू.

सांडणार तर आहेच. सांडलं की "बघ, सांगितलं होतं ना!" हे वाक्य गिळायचं आणि फडकं पोराच्या हातात द्यायचं, पुसून झालं की पुढे चालू. ही प्रॅक्टिस वाटते त्यापेक्षा मोठी आहे, कारण काही बिघडवलं तर ते आपणच निस्तरायचं आणि निस्तरलं की विषय संपतो, हे शाळेत ढकलाढकली झाल्यावर पोराला कोणी शिकवत नाही, तिथे नुसतं "सॉरी म्हण" एवढंच होतं. शाई पाण्यातली असते, लगेच पुसली तर टेबलाचं सहसा काही होत नाही. युनिफॉर्म मात्र आधी बदलायला लावा आणि डाग पडलाच तर लगेच गार पाण्याखाली धरा, गरम पाणी नको.

लिहिताना दाब द्यायचा नसतो, पेनाच्या वजनानेच शाई उतरते, आणि पेन्सिल दाबून दाबून टोक मोडणाऱ्या पोराला हे जमायला वेळ लागतो. जोर दिला की निबचे दोन पाय फाकतात आणि रेघ मधोमध कोरी राहते, ती रेघ त्याला दाखवा, लेक्चर नको. काय लिहायचं हे त्याने ठरवायचं, गोल काढले तरी चालेल, राक्षस काढला तरी चालेल. शुद्धलेखन आणि अक्षर सुधारणं इथे आणलंत तर हा पण अभ्यासच झाला, मग संपलंच. साध्या वहीत शाई फुटते, म्हणून आधी मागच्या पानावर एक रेघ मारून उलटीकडे उमटते का बघा. पेन शाळेत न्यायचं नाही, तिथे अजून पेन्सिलच असते आणि उगाच नवीन तक्रार कशाला.

आता शाळा. दोन-चार ओळींचा मेसेज येतो, "आजही वर्गात खूप त्रास दिला", आणि आपलं डोकं फिरतं. त्या मेसेजमध्ये उपयोगाचं काहीच नसतं हे आधी लक्षात घ्या. तुम्हाला हवंय ते असं की नेमकं काय केलं, कधी, त्याच्या जरा आधी काय चाललं होतं आणि नंतर काय झालं. यासाठी वेगळी वही करा आणि तुमच्या आवडत्या पेनाने त्यात लिहा, मी मुद्दाम मोबाइलवर लिहीत नाही कारण पेनाने लिहिताना हात थोडा सावकाश चालतो आणि तेवढ्यात "मुद्दाम करतो", "बापावर गेलाय" असली वाक्यं गळून पडतात. नोंद साधारण अशी: "सोमवार. मोठ्या सुट्टीच्या आधी. रांग लावताना. पुढच्या मुलाला ढकललं. बाईंनी रांगेतून काढून स्वतःजवळ उभं केलं." बस एवढंच. शेवटी आपलं मत लिहायचं नाही.

दोन आठवड्यांच्या नोंदी शेजारी शेजारी ठेवल्या की बहुतेक वेळा काहीतरी दिसायला लागतं. सगळं सुट्टीच्या आधीच होत असेल तर पोराला भूक लागलेली असेल, सकाळची लवकरची शाळा आणि पोटात फक्त दूध. रांग लावताना, तास बदलताना होत असेल तर त्याला वाट बघणं जमत नाहीये. लिहायचं काम आलं की उठून फिरत असेल तर लिहिणंच अवघड जात असेल. आणि नोंदीतला शेवटचा भाग, म्हणजे नंतर काय झालं, तो नीट वाचा, ढकलल्यावर बाईंच्या जवळ उभं राहायला मिळतंय किंवा गणित चुकवून वर्गाबाहेर बसायला मिळतंय, मग पोराच्या दृष्टीने ती शिक्षा आहे का बक्षीस?

हे घेऊन बाईंना भेटा, गेटवर पाच मिनिटांत नाही, वेळ ठरवून. वर्गाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर तर एक शब्द लिहू नका, दुसऱ्या पालकाने तिथे काही टाकलं तरी त्यांना वेगळा फोन करा. बाईंकडे मोठा वर्ग असतो, त्यामुळे मागणी एकच आणि छोटी ठेवा. "रांग लावायच्या आधी त्याला वह्या गोळा करायचं काम द्याल का?" हे कोणतीही बाई ऐकेल, "त्याच्याकडे जरा लक्ष द्या" याचं कोणी काही करू शकत नाही. सोबत एक छोटं कार्ड द्या, त्यावर दिवसातल्या फक्त दोन अवघड वेळा लिहायच्या आणि तेवढ्या वेळात हात आवरले तर बाईंनी तिथे खूण करायची. पहिल्याच दिवशी एक तरी खूण मिळेल इतकं सोपं ठेवा, नाहीतर पोर दुसऱ्या दिवशी कार्डच हरवून येतं. खुणेचं बक्षीस घरी त्याच दिवशी, रात्रीची गोष्ट त्याने निवडायची किंवा डोसा त्याच्या पसंतीचा, महिनाअखेर सायकल असलं काही या वयात कळत नाही.

घरी आल्या आल्या "आज कोणाला मारलंस का?" विचारू नका. आधी खायला द्या. शाळेत शिक्षा होऊन गेली असेल तर घरी त्याच गोष्टीची दुसरी शिक्षा नको. समजावून सांगण्यापेक्षा खेळून दाखवा, घरातल्यांची रांग लावा, आजोबांना पुढे उभं करा आणि धक्का लागला तर काय करायचं हे पोराकडून करून घ्या, एक पाऊल मागे, हात पाठीमागे, आणि "बाई, मला धक्का लागला" हे मोठ्याने. "ढकलू नकोस" म्हटलं की त्याऐवजी काय करायचं हे त्याला कळत नाही, ते आपणच द्यावं लागतं. आणि नको त्या वागण्याकडे तुम्ही लक्ष देणं बंद केलंत की ते कधीकधी आधी वाढतं, मग कमी होतं, तेव्हा तिसऱ्या दिवशीच प्लॅन बदलू नका.

हे सगळं करण्याआधी खरं तर कान आणि डोळे तपासून घ्या. सतत सर्दी असलेल्या मुलाच्या कानात पडद्यामागे कधीकधी पाणी साठतं, मग त्याला बाईंचं अर्धंच ऐकू येतं आणि आपण म्हणतो ऐकत नाही. झोप सहा वर्षांनंतर ९ ते १२ तास लागते, रात्री अकरापर्यंत मोबाइल आणि सकाळची लवकरची शाळा यात ती कुठून येणार. चंचलपणा घरी, शाळेत, दोन्हीकडे सहा महिन्यांपेक्षा जास्त चाललाय आणि त्याने रोजचं काम अडतंय, असं असेल तर बालविकासतज्ज्ञांना दाखवा आणि ती वही सोबत न्या, त्यांना आपल्या तोंडी हकिकतीपेक्षा ती जास्त कामाला येते. बऱ्याच जिल्हा रुग्णालयांत डीईआयसी नावाचं केंद्र असतं, तिथे १८ वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी सरकारी योजनेतून होते. बाकी शेजारच्या काकूंनी "हायपर आहे" म्हटलं म्हणून मूल हायपर होत नाही.

शाळा मारत असेल, किंवा सगळ्यांसमोर अंगठे धरून उभं करत असेल, तर ते शिस्तीत बसत नाही. शिक्षण हक्क कायदा २००९, कलम १७, शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्हीला बंदी आहे. आधी मुख्याध्यापकांना लेखी द्या, तारीख टाकून, आणि पोच घ्या. फरक पडला नाही तर १०९८, म्हणजे मुलांसाठीच्या चाइल्डलाइनला फोन करा.

आणि दिवाळीची, मे महिन्याची सुट्टी लागली की गावाला जायच्या आधी सगळी पेनं रिकामी करून साध्या पाण्याने, पाणी निवळ येईपर्यंत धुवून उभी ठेवा, नाहीतर शाई आत वाळते. सुट्टीनंतरच्या पहिल्या आठवड्यात तक्रारी परत वाढतात हे पण धरून चाला, शाळा उघडायच्या चार-पाच दिवस आधीच झोपेची आणि डब्याची वेळ शाळेची करून टाका आणि बाईंना कार्ड पहिल्याच दिवशी परत द्या.