कपाटाच्या पाठीमागची बुरशी: पावसाआधी करंज तेलाचा हात

पावसाळ्यात भिंतीला टेकलेल्या कपाटाची प्लायवूडची पाठ आधी पांढुरकी होते, मग काळे ठिपके धरते आणि शेवटी पापुद्रे सुटायला लागतात. कोकणात तर हे घरोघरी दिसतं. मे महिन्यातच एवढं करून ठेवा:

१. कपाट पुढे ओढा. बुरशी असेल तर ओल्या फडक्याने पुसा (कोरडी झाडू नका, नाकात जाते) आणि लाकूड दोन-तीन दिवस खडखडीत वाळू द्या. आत ओल राहिली तर वरच्या तेलाचा काही उपयोग नाही.

२. पॉलिश पेपरने हलकं घासून धूळ पुसा.

३. करंज किंवा कडुनिंबाचं तेल आणि टर्पेंटाइन निम्मं-निम्मं मिसळा. टर्पेंटाइनमुळे तेल पातळ होऊन आत मुरतं.

४. ब्रशने पातळ हात द्या. कडांवर मात्र सढळ हाताने, कारण प्लाय सगळ्यात जास्त पाणी पितं ते कापलेल्या कडेतून. खालची जमिनीलगतची कड तर सगळे विसरतात, आणि कुजायला सुरुवात तिथूनच होते.

५. दुसऱ्या दिवशी आणखी एक हात. न मुरलेलं तेल पुसून घ्या, नाहीतर चिकट राहून धूळ धरतं.

कपाट परत लावताना भिंतीपासून चार बोटं जागा सोडा. पुढच्या वर्षापासून दरवर्षी पावसाआधी एक हात पुरतो. वास बरेच दिवस राहतो, म्हणून धान्याच्या किंवा भांड्यांच्या कपाटाला आतून लावू नका.

जपायचं ते एकच: टर्पेंटाइन लगेच पेट घेतं. गॅस, देवघरातला दिवा, उदबत्ती यांपासून लांब, खिडक्या उघड्या ठेवूनच काम करा.