थारमध्ये हवेचा कॉम्प्रेसर कायमचा बसवायचाय? आधी वायर बघा

टायरमधली हवा काढायला गाडीची किल्ली पण चालते, व्हॉल्व्हच्या पिनवर टोक दाबून धरलं की झालं. परत भरताना मात्र सगळे एकमेकांच्या तोंडाकडे बघतात. चिखलात पकड मिळावी म्हणून आपण हवा १८-२० पीएसआयवर आणतो, वाळूत १५-१६ पर्यंत, आणि मग बाहेर आल्यावर त्याच टायरवर हायवेला ८० च्या स्पीडने जायचं म्हणजे साइडवॉल तापून टायर फुटायला आमंत्रणच. पूर्वी आम्ही सरळ एखाद्या ट्रकवाल्या दादाला हात करायचो, त्यांच्या एअर ब्रेकच्या टाकीत शंभराच्या वर पीएसआय भरलेली असते आणि बऱ्याच जणांकडे नळीपण असते, चहा पाजला की काम व्हायचं. पण मुळशीच्या मागच्या कच्च्या रस्त्यावर रविवारी संध्याकाळी ट्रक कुठून येणार, म्हणून गाडीतच कॉम्प्रेसर.

एक गोष्ट आधीच सांगतो. वर्षातून दोनदाच ऑफरोडिंगला जात असाल तर हे सगळं वाचू नका, बॅटरीला चिमटे लावायचा चांगला पोर्टेबल घ्या आणि डिकीत टाका, खरंच पुरतो. कायमचा बसवायचा तो ज्यांची हवा दर महिन्याला वरखाली होते त्यांनी, किंवा ज्यांना पुढेमागे एअर लॉकर (हवेच्या दाबाने डिफरेन्शियल लॉक करणारे) घालायचेत त्यांनी.

मशीन कोणतं घ्यायचं यावर लोक महिना महिना भांडतात. एआरबी, व्हायएअर, नाहीतर चायनीज, बजेट बघून घ्या, पण डब्यावरचा मोठा आकडा बघून घेऊ नका. तिथे लिहिलेले लिटर शून्य प्रेशरचे असतात, टायरमध्ये हवा ढकलताना ते कमी होतात. साधा हिशोब करा. माझ्या २०२१ च्या थारला २५५/६५ आर १८ टायर आहेत, एकाच्या पोटात अंदाजे ६५ लिटर जागा. १६ वरून ३२ वर न्यायचं म्हणजे बाहेरची साधारण ७० लिटर हवा आत कोंबायची, चार टायरची मिळून २८० लिटर. कॉम्प्रेसर खरोखर मिनिटाला ४५ लिटर देत असेल तर सहा-सात मिनिटात काम होतं, २० देत असेल तर जवळजवळ पाव तास तिथेच उभे. दुसरा आकडा ड्युटी सायकलचा. ३३ टक्के लिहिलं असेल तर त्या प्रेशरला १० मिनिटं चालवून २० मिनिटं गार होऊ द्यायचं, नाहीतर आतला थर्मल कटऑफ त्याला बंद पाडतो, तेही तिसऱ्या टायरला.

आता जागा. बॉनेटखाली बसवला की वायर छोटी लागते पण इंजिनची गरमी आणि कॉम्प्रेसरची स्वतःची गरमी एकत्र येते, शिवाय धूळ पाणी आहेच. मी मागे डाव्या कोपऱ्यात व्हील आर्चच्या मागे बसवला. कंपनी थारला ६५० मिलिमीटर पाण्यातून जाता येतं म्हणते, पण कॉम्प्रेसरच्या फिल्टरला ते कोण सांगणार, त्यामुळे तोंड आत आणि वर असलेलं बरं. फॅब्रिकेटरकडून ३ मिलिमीटरच्या पत्र्याची प्लेट वाकवून घ्या, खाली रबरी बुश, वर नायलॉक नट, साधा नट कच्च्या रस्त्यावर दोन ट्रिपमध्ये सैल होतो. आणि फ्लोअरला भोक पाडायच्या आधी गाडीखाली झोपून बघा, खालून ब्रेकची आणि डिझेलची लाइन जाते. हे लिहायची गरज नसायला हवी पण आहे.

वायर. इथे जरा थांबतो, कारण माझ्या बघण्यात दहातल्या आठ गाड्यांचा कॉम्प्रेसर 'कमी हवा मारतो' तो मशीनमुळे नाही, वायरमुळे. सिंगल मोटरचं मशीन लोडवर २५-३० अँपिअर ओढतं. बॅटरीपासून मागच्या कोपऱ्यापर्यंत चार मीटर, परतीचे चार, एकूण आठ मीटर धरा. दुकानदार हमखास २.५ स्क्वेअर एमएम देतो, 'घरच्या एसीला हीच टाकतो साहेब' म्हणून. एसी २३० व्होल्टवर चालतो हो. ३० अँपिअरला आठ मीटर २.५ च्या वायरमध्ये जवळजवळ १.७ व्होल्ट वाटेतच जातात, म्हणजे इंजिन चालू असताना बॅटरीवर १३.८ असले तरी मोटरला १२ च्या आसपास मिळणार आणि उरलेली पॉवर वायर गरम करण्यात. हीच वायर १० स्क्वेअर एमएम घेतली तर फक्त ०.४ व्होल्ट जातात. म्हणून १० च घ्या, शुद्ध तांब्याची, बारीक तारांची मऊ वायर. अ‍ॅल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा असलेलीपण मिळते, ती नको, चाकूने एक तार खरवडून बघितली की आतून पांढरी दिसते. ट्विन मोटरवाला असेल तर करंट दुप्पट, मग १६ किंवा २५ चीच भाषा करा. पुण्यातले असाल तर तपकीर गल्लीत वायर, लग (वायरच्या टोकाला बसवायची भोकाची धातूची टोपी), स्लीव्ह सगळं एका फेरीत मिळतं, फक्त गाडी लांब लावून चालत जा.

फ्यूज बॅटरीच्या पॉझिटिव्हपासून वीतभर अंतरातच लावायचा, कॉम्प्रेसरजवळ लावून उपयोग नाही. फ्यूज वायरला वाचवायला असतो, वायर मधे कुठे बॉडीला घासून शॉर्ट झाली तर करंट बॅटरीजवळच तुटायला हवा. सिंगल मोटरला ४० चा चालतो पण मशीनच्या कागदावर काय लिहिलंय ते आधी बघा. फायरवॉलमधून (इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्यातून) वायर आत नेताना रबरी ग्रोमेट पाहिजेच, आणि पूर्ण लांबी कॉन्ड्युटमधून. लग हातोडीने ठोकू नका, हायड्रॉलिक क्रिंपर भाड्याने मिळतो नाहीतर वायरमनला दोन मिनिटांचे पैसे द्या.

अर्थिंगला पेंट खरवडून चकचकीत पत्रा काढा, लग आवळा, वरून ग्रीस लावा. ज्या गाड्यांना स्टार्ट-स्टॉप आहे त्यांच्या बॅटरीच्या निगेटिव्ह टर्मिनलवर बऱ्याचदा सेन्सर असतो, तिथे थेट टर्मिनलवर जोडू नका, चॅसिसवर जोडा, नाहीतर किती करंट गेला हे गाडीला कळतच नाही.

रिले, म्हणजे बारीक करंटने जाड करंट चालू-बंद करणारा स्विच, साधा चार पिनचा. ३० वर फ्यूजमधून आलेली जाड वायर, ८७ वरून कॉम्प्रेसर, ८५ अर्थला, आणि ८६ ला स्विचची बारीक वायर. स्विचचं फीड अशा फ्यूजवरून घ्या जो इग्निशन चालू असतानाच जिवंत असतो, म्हणजे पार्किंगमध्ये पोराने बटण दाबलं तरी काही होत नाही. फ्यूज टॅप वापरा, कंपनीचं हार्नेस कापू नका, वॉरंटीच्या वेळी तेच पहिल्यांदा बघतात. प्रेशर स्विच, म्हणजे ठराविक दाब झाला की मशीन बंद करणारा, ह्या बारीक वायरमध्येच, डॅशबोर्डच्या स्विचनंतर आणि ८६ च्या आधी. तो मेन लाइनमध्ये टाकलेला मी पाहिलाय, दोन महिन्यांत त्याचे पॉइंट जळून चिकटले आणि कॉम्प्रेसर थांबेचना, सेफ्टी व्हॉल्व्हने शिट्टी मारली म्हणून कळलं. हो, टाकी नसली तरी प्रेशर स्विच आणि सेफ्टी व्हॉल्व्ह दोन्ही लागतात, कारण नळीचं तोंड बंद असताना मशीन पंपिंग करतच राहतं.

आता हवेची बाजू, आणि माझी फजिती. पहिल्यांदा बसवला तेव्हा कॉम्प्रेसरच्या हेडमधून थेट निळा पीयू (पॉलियुरेथेन प्लास्टिकचा) पाईप काढला, फॅक्टरीत सगळीकडे तोच असतो ना. घरी टेस्ट एकदम मस्त. मग खऱ्या ट्रिपमध्ये तिसरा टायर भरताना मागून फट्ट करून आवाज आला आणि जळक्या प्लास्टिकचा वास. बघतो तर फिटिंगजवळचा चार बोटं पाईप फुग्यासारखा फुगून फाटलेला, बाकीचा जसाच्या तसा. दाबलेली हवा हेडमधून निघताना चांगलीच तापलेली असते, पीयूला साधारण ६० डिग्रीच्या वर तसंही झेपत नाही. तिथे पहिला मीटरभर स्टीलच्या जाळीची टेफ्लॉन नळीच लागते, पुढे हवा गार झाली की पीयू चालतो.

आटे हा दुसरा घोळ. बाहेरून आलेल्या बऱ्याच मशीनला एनपीटी (अमेरिकन मापाचे) आटे असतात आणि आपल्याकडे न्यूमॅटिक्सच्या दुकानात बीएसपी (ब्रिटिश मापाचे) मिळतात. पाव इंचात एकाला इंचाला १८ आटे, दुसऱ्याला १९, कोनही वेगळा. दीड-दोन फेरे छान बसतात, मग पान्याने जोर लावला की अ‍ॅल्युमिनियमचा आटा गेला. मशीन बरोबर घेऊन दुकानात जा, तोंडी सांगू नका. टेफ्लॉन टेप आवळायच्या दिशेने तीन वेढे, पहिला आटा मोकळा ठेवून, नाहीतर टेपचा तुकडा आत जाऊन व्हॉल्व्हमध्ये अडकतो.

टाकी घालायची का? दहा लिटरची टाकी १४५ पीएसआयवरून १०५ वर येईपर्यंत जेमतेम २७ लिटर हवा देते, म्हणजे आपल्या एका टायरचा अर्धापण नाही. टायर भरायला टाकीचा काही फायदा नाही, बीड (टायरची आतली कड) रिमवरून उतरली तर एकदम झटका द्यायला किंवा एअर गनला आहे. घातलीच तर नवीन आणि टेस्ट केलेली घ्या, भंगारातली गंजकी नको, कॉम्प्रेसर आणि टाकीच्या मधे चेक व्हॉल्व्ह (हवा एकाच दिशेने जाऊ देणारा) लावा म्हणजे मोटरला भरल्या प्रेशरवर सुरू व्हावं लागत नाही, आणि ड्रेन कॉक सगळ्यात खाली. कोकणात पावसाळ्यात दोन दिवस वापरल्यावर मी कॉक उघडला तर अर्धी वाटी चहाच्या रंगाचं पाणी आलं.

सगळं जोडून झालं की इंजिन चालू ठेवून कटऑफपर्यंत भरा, प्रत्येक जॉइंटवर निरम्याचं फेसाळ पाणी ब्रशने लावा. मोठे बुडबुडे लगेच दिसतात, खरा त्रास देतो तो बारीक पांढरा फेस जो मिनिटभराने हळूच जमतो. मग गेजचा फोटो काढून रात्रभर सोडून द्या. सकाळी दोन-चार पीएसआय कमी असेल तर रात्रीच्या थंडीमुळेही होतं, वीस कमी असेल तर परत ब्रश घ्या. मल्टीमीटर असेल तर कॉम्प्रेसर चालू असताना बॅटरीवर आणि मोटरच्या पिनवर व्होल्टेज मोजा, फरक अर्ध्या व्होल्टच्या आसपास असला की वायरिंग पास.

लडाख-स्पितीवाल्यांनी एक लक्षात ठेवा, साडेचार हजार मीटरवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या साठ टक्क्यांच्या खाली असतो, त्यामुळे तोच टायर भरायला पावणेदोन पट वेळ लागतो. मशीन खराब झालेलं नसतं, त्याला मधे विश्रांती द्या.

फिल्टरचा स्पंज दर दोन-तीन ट्रिपनंतर झटकून घ्या. जवळ एक जास्तीचा रिले, दोन फ्यूज, टेफ्लॉन टेप आणि दोन-तीन फिटिंग एका डब्यात असू द्या. नळी स्वतःच्या गाडीपुरती सहा मीटर पुरते, माझी थार चार मीटरचीपण नाही. मी तेवढीच घेतली होती. आता दर रविवारी ट्रॅकच्या शेवटी माझ्यामागे तीन-चार गाड्या रांगेत उभ्या असतात, म्हणून गेल्या महिन्यात दहा मीटरची घेतली, निदान प्रत्येकासाठी गाडी मागेपुढे करावी लागत नाही.