कॅमेरा घेण्याआधी फोटो वाचायला शिका

उपयोजित कला किंवा पत्रकारितेकडे वळलेली मुलं भेटली की पहिला प्रश्न ठरलेला असतो, कॅमेरा कोणता घेऊ? मी मराठी दैनिकाच्या फोटो डेस्कवर काम करते. मी त्यांना सांगते, कॅमेऱ्याचं नंतर बघू, आधी एक फोटो समोर ठेवा आणि त्यात काय दिसतंय तेवढंच कागदावर लिहा. ‘भावपूर्ण’, ‘हृदयस्पर्शी’ असले शब्द वापरायचे नाहीत. हात कुठे आहे, नजर कुठे आहे, उजेड कोणत्या बाजूने येतोय, कडेला काय कापलं गेलंय, इतकंच. पहिल्या दिवशी चार ओळींत संपतं. रोज लिहीत गेलात की पान भरायला लागतं.

सरावाला अमेरिकन छायाचित्रकार डोरोथिया लँग यांचा ‘मायग्रंट मदर’ (स्थलांतरित आई) हा फोटो घ्या. मार्च 1936, कॅलिफोर्नियातलं निपोमो, वाटाण्याच्या तोडणीला आलेल्या मजुरांची छावणी. मधोमध एक बाई. दोन मुलं तिच्या दोन खांद्यांना बिलगलेली, पण दोघांचीही तोंडं पलीकडे वळलेली. मांडीवर तान्हं बाळ. बाईचा हात गालाशी, बाहीची कड विरलेली, नजर कॅमेऱ्याला टाळून दूर. आता मुलांचे चेहरे आपल्याकडे वळले आहेत अशी कल्पना करा. आपलं लक्ष लगेच तीन ठिकाणी विभागेल. इथे चेहरा एकच दिसतो, म्हणून सगळी काळजी त्याच चेहऱ्यावर येऊन थांबते.

लँग यांनी त्याच वेळी काढलेले इतर फोटोही बघाच. लायब्ररी ऑफ काँग्रेस या अमेरिकेच्या राष्ट्रीय ग्रंथालयाच्या संकेतस्थळावर ते मोफत मिळतात. एका फोटोत तंबू दिसतो, सामान दिसतं, मोठी मुलगी दिसते. माणसं तीच, दुपार तीच. तरी तो फोटो छावणीची माहिती देतो आणि जवळचा फोटो पोटात कालवतो. हा फरक कॅमेरा किती जवळ गेला आणि चौकटीबाहेर काय राहिलं, यातून आला आहे. प्रसिद्ध फोटोच्या उजव्या खालच्या कोपऱ्यात तंबूचा खांब धरलेला एक अंगठा होता, तोही नंतर पुसट करून घेतला गेला. इतका खरा वाटणारा फोटोसुद्धा असा घडवलेला असतो. त्यामुळे त्याची किंमत माझ्या लेखी कमी होत नाही, पण नवख्याला हे ठाऊक असायलाच हवं.

आणि त्या बाईचं नाव? लँग यांनी ते विचारलं नव्हतं. फ्लोरेन्स ओवेन्स थॉम्प्सन हे नाव जगाला कळलं 1978 मध्ये, आणि आपल्या फोटोचा असा वापर झाल्याबद्दल त्यांची नाराजीही तेव्हाच कळली. माझ्याकडे शिकायला येणाऱ्यांना मी हे मुद्दाम सांगते. फोटोओळ लिहिताना माणसाचं नाव विचारून घ्या, अचूक लिहा. नाव नसलेला माणूस लवकरच ‘गरिबी’ किंवा ‘दुष्काळ’ होऊन बसतो.

पान लावताना आणखी एक गोष्ट उमगते, ती म्हणजे शेजार. सोव्हिएत दिग्दर्शक लेव्ह कुलेशोव्ह यांचा प्रयोग चित्रपट शिकणाऱ्या प्रत्येकाला सांगितला जातो. एका नटाचा तोच निर्विकार चेहरा सुपाच्या थाळीशेजारी जोडला की भुकेला वाटतो, शवपेटीशेजारी जोडला की दुःखी. वर्तमानपत्रात हे रोज घडतं. हसऱ्या पुढाऱ्याच्या फोटोला लागून अपघाताची बातमी आली, तर वाचक दोन्ही एकत्रच वाचतो. म्हणून पान सोडण्याआधी फोटो एकेकटे तपासून भागत नाही; पूर्ण पान हातभर लांब धरून बघावं लागतं.

साधनं म्हणाल तर पुठ्ठ्याच्या एल आकाराच्या दोन पट्ट्या कापा. छापील फोटोवर त्या सरकवत चौकट लहान-मोठी करा आणि प्रत्येक वेळी अर्थ कसा बदलला ते लिहून ठेवा. फक्त फोटोंवर थांबू नका. अजिंठ्याला पहिल्या क्रमांकाच्या लेण्यात पद्मपाणी बोधिसत्त्वाच्या भित्तिचित्रासमोर उभे राहाल तेव्हा भोवतीच्या आकृती त्याच्यापेक्षा किती लहान आहेत आणि त्याच्या पापण्या किती झुकल्या आहेत ते पाहा. महत्त्व आकाराने सांगितलंय, करुणा डोळ्यांनी.

आमच्याकडे मुलाखतीला याल तेव्हा स्वतःचे उत्तम फोटो आणाच. सोबत दुसऱ्या कुणाच्या तरी एका फोटोवर लिहिलेलं पानही आणा. मी ते आधी वाचते.