जुबाला नोकरीसाठी निघताना: लशी, गोळ्या, पाणी आणि बाहेर पडायची वाट

दक्षिण सुदानला, म्हणजे बहुधा त्याची राजधानी जुबाला, निघालेला माणूस पहिल्यांदा विचारतो, "तिकडे गोळीबार होतो ना?" होतो. पण गोळीच्या आधी डास गाठतो, आणि गोळीबार सुरू झालाच तर अडकतात ते "बघू पुढच्या आठवड्यात" म्हणत थांबलेले. दोन्हींचा बंदोबस्त बराचसा मुंबईतच करता येतो. त्यासाठी निघण्याआधी सहा ते आठ आठवडे हाताशी हवेत.

परिस्थिती थोडक्यात अशी: देश २०११ मध्ये स्वतंत्र झाला, डिसेंबर २०१३ मध्ये यादवी पेटली, २०१८ मध्ये शांतता करार झाला. मार्च २०२५ मध्ये विरोधी गटाचे नेते आणि तेव्हाचे पहिले उपराष्ट्राध्यक्ष रिक माचार यांना नजरकैदेत ठेवल्यापासून तो करार कसाबसा तग धरून आहे. आपल्याकडची माणसं तिथे तेलक्षेत्रात, व्यापारात, हॉटेलांत, मदतसंस्थांत आणि संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेत असतात. निव्वळ फिरायला जायचा बेत असेल तर सरळ रद्द करा.

कागद आणि विमा

दहावी पास नसल्यामुळे पासपोर्ट ईसीआर (ठरावीक देशांत नोकरीला जाण्याआधी सरकारी परवानगी लागणाऱ्या) प्रकारचा असेल, तर नोकरीसाठी जाताना सरकारच्या ई-मायग्रेट पोर्टलवरून परवानगी घ्यावीच लागते. दक्षिण सुदान त्या यादीतला देश आहे. एजंट "व्हिजिट व्हिसावर जा, तिकडे गेल्यावर बदलून घेऊ" म्हणाला तर पुढे पगार बुडाला, अपघात झाला, तरी तुमच्याकडे दाखवायला करार नसतो. पोचल्यावर परराष्ट्र मंत्रालयाच्या 'मदद' पोर्टलवर आणि जुबातल्या भारतीय दूतावासात नाव, पत्ता, फोन नोंदवा. सुटकेची वेळ आली की याद्या या नोंदींवरूनच होतात.

नेहमीच्या प्रवास विम्यात युद्ध, यादवी आणि दंगल बहुधा वगळलेली असते. ते कलम बारीक अक्षरात मागच्या पानावर सापडतं. कंपनीला लेखी विचारा: दक्षिण सुदान चालतो का? आजारी माणसाला विमानाने केनियातल्या नैरोबीला हलवायचा खर्च धरला आहे का, आणि कमाल किती? विमान मागवायला फोन कोणी करायचा? जुबात मोठी शस्त्रक्रिया किंवा अतिदक्षता विभाग यांचा भरवसा धरता येत नाही, त्यामुळे नैरोबीचा मुद्दा लेखी मिळाल्याशिवाय सही करू नका. मालक विमा काढणार असेल तर पॉलिसीची प्रत स्वतःकडे घ्या.

पीतज्वराची लस आणि पिवळी पुस्तिका

ही लस प्रवासाच्या किमान १० दिवस आधी घ्यावी लागते, कारण तिचं प्रमाणपत्र, म्हणजे पिवळी पुस्तिका, दहाव्या दिवसापासूनच ग्राह्य धरतात. एकदा घेतली की आयुष्यभर चालते. ती कुठल्याही दवाखान्यात मिळत नाही, सरकारमान्य केंद्रातच मिळते. मुंबईत विमानतळ आरोग्य संघटना आणि बंदर आरोग्य संघटना ही त्यातली दोन केंद्रं. जाण्याआधी फोन करून दिवस आणि वेळ विचारा, कारण कुपीत अनेक डोस असतात आणि पुरेशी माणसं जमली की मगच ती फोडतात.

पुस्तिका हातात आली की तिथेच उभं राहून तपासा: नाव पासपोर्टप्रमाणे आहे का, लशीचा बॅच क्रमांक, तारीख, सही आणि शिक्का आहे का. यातलं एक जरी राहिलं तरी विमानतळावर अधिकारी पुस्तिका नाकारू शकतो. ती जाताना जितकी लागते तितकीच परतताना. वैध पुस्तिका नसेल तर मुंबईत उतरल्यावर सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवतात. अंड्याची तीव्र ॲलर्जी, गरोदरपण, प्रतिकारशक्ती कमी करणारी औषधं किंवा वय ६० च्या वर असेल तर लस टोचण्याआधी डॉक्टरांना सांगा.

बाकीच्या लशी: कावीळ ए आणि बी, टायफॉइड, धनुर्वात, मेंदूज्वराची एसीडब्ल्यूवाय लस, पोलिओचा वाढीव डोस, आणि तेलक्षेत्रात किंवा खेड्यात राहणार असाल तर रेबीज. कॉलऱ्याची तोंडावाटे घ्यायची लस डॉक्टरांना विचारून घ्या, कारण ऑक्टोबर २०२४ मध्ये उत्तरेकडच्या रेंक भागात जाहीर झालेली साथ नंतर देशभर पसरली.

मलेरिया

तिथला मलेरिया मुख्यतः फॅल्सिपॅरमचा, म्हणजे मेंदूपर्यंत जाणारा. त्यावर क्लोरोक्विन चालत नाही. घरातल्या औषधांच्या डब्यात असेल, म्हणून ते घेऊन जाऊ नका.

प्रतिबंधासाठी डॉक्टर बहुधा डॉक्सीसायक्लिन देतात: रोज १०० मिलिग्रॅम, जाण्याच्या एक-दोन दिवस आधी सुरू, आणि परतल्यानंतर चार आठवडे चालू. ही गोळी लोक सोडतात ती छातीत जळजळ होते म्हणून, आणि जळजळ होते ती चुकीच्या पद्धतीने घेतल्यामुळे. जेवणानंतर, पूर्ण ग्लासभर पाण्याबरोबर, बसून किंवा उभ्याने घ्या आणि अर्धा तास आडवे होऊ नका. रात्री झोपताना दोन घोटांबरोबर घेतली तर ती अन्ननलिकेला चिकटते आणि तिथे जखम होते. दूध, ॲसिडिटीची औषधं, लोहाच्या गोळ्या यांच्याबरोबर घेतली तर अंगी लागत नाही. या गोळीने ऊन लवकर पोळतं, म्हणून पूर्ण बाह्यांचा शर्ट आणि टोपी हवी. गरोदर बाईला आणि लहान मुलांना ती देत नाहीत.

दुसरा पर्याय ॲटोव्हाक्वोन-प्रोग्वानिल. ती परतल्यावर फक्त सात दिवस घ्यावी लागते, पण महाग पडते आणि सगळीकडे मिळत नाही. मेफ्लोक्विन आठवड्यातून एकदाच घ्यायची असते, पण काहींना त्याने भयानक स्वप्नं पडतात, मन अस्वस्थ होतं. नैराश्य किंवा फिट्सचा इतिहास असेल तर ती नकोच.

गोळ्या घेतल्या तरी डास टाळायचेच. हा डास संध्याकाळ ते पहाट चावतो. मच्छरदाणी औषध लावलेली हवी आणि चारही बाजूंनी गादीखाली खोचलेली हवी. आपल्याकडच्या साध्या क्रीमचा असर काही तासांनी ओसरतो, रात्रीची पाळी असेल तर पुन्हा लावावं लागतं.

पाणी

जुबात अनेक ठिकाणी पाणी टँकरने येतं, आणि त्यातलं बरंचसं थेट नाईलचं असतं. ते गढूळ असेल तर नुसती क्लोरीनची गोळी पुरत नाही: गाळ क्लोरीन खाऊन टाकतो. आधी तुरटी फिरवून गाळ बसू द्या, वरचं पाणी कापडातून गाळा, मग गोळी टाका आणि अर्धा तास थांबा. गोळी किती लिटरची आहे ते पाकिटावर वाचा. २० लिटरची गोळी एका बाटलीत टाकणारेही असतात आणि एका लिटरची गोळी कॅनमध्ये टाकणारेही. उकळत असाल तर बुडबुडे जोरात आल्यावर एक मिनिट पुरे.

जुलाब लागले तर ओआरएसचं मोठं पाकीट नेमकं एक लिटर पाण्यात घाला. ग्लासभर पाण्यात घातलं तर मीठ जास्त होऊन अपाय होतो. तांदळाच्या पेजेसारखे जुलाब कॉलऱ्याचे. काही तासांत माणूस ढासळतो, तेव्हा पाजत पाजतच उपचार केंद्र गाठा. नाईलमध्ये पाय बुडवून बसू नका, पाण्यातल्या गोगलगायींमधून येणारा बिल्हार्झियाचा जंत त्वचेतून शिरतो. आणि साप चावला तर मुंबईहून नेलेलं प्रतिविष उपयोगाचं नाही, ते इथल्या सापांसाठी बनलेलं असतं.

रस्ता, गोळीबार, सुरुंग

अंधार पडल्यावर गाडी काढायची नाही. जुबाहून युगांडाच्या सीमेवरच्या निमुलेपर्यंतचा रस्ता डांबरी आहे म्हणून सुरक्षित वाटतो, पण तिथे घात लावून हल्ले झालेले आहेत. एकट्याने, विचारपूस न करता तो धरू नका.

विमानतळ, पूल, सैनिक, सरकारी इमारती यांचे फोटो काढणं म्हणजे अटकेला निमंत्रण. राष्ट्राध्यक्षांचा ताफा दिसला की गाडी कडेला घ्या, काच खाली करा, हात दिसतील असे ठेवा आणि मोबाईल उचलू नका.

गोळीबार सुरू झाला की खिडकीपासून दूर, शक्यतो दोन भिंतींच्या आड, जमिनीवर पालथे पडा. खिडकी नसलेली मोरी अनेकदा सर्वात बरी जागा ठरते. आवाज थांबला म्हणून लगेच बाहेर येऊ नका, आणि व्हिडिओसाठी गच्चीवर तर मुळीच नको.

भूसुरुंगांबाबत साधी गोष्ट: लघवीलासुद्धा रस्ता सोडून झुडपात जायचं नाही. जुन्या चाकोरीवरच उभे राहा, लाज बाजूला ठेवा. लाल रंगाचे दगड किंवा कवटीची पाटी दिसली तर जागीच थांबा, बाकीच्यांना ओरडून सांगा आणि मदतीची वाट पाहा. मदत येणारच नसेल तर स्वतःच्याच पावलांच्या ठशांवरून मागे या. पावसाळ्यात पाण्याबरोबर सुरुंग सरकतात, त्यामुळे गेल्या वर्षीची मोकळी वाट यंदा मोकळी असेलच असं नाही.

बाहेर पडताना

जुलै २०१६ मध्ये जुबात चार-पाच दिवस जोरदार लढाई झाली, विमानसेवा बंद पडली. भारताने 'संकटमोचन' मोहिमेत सी-१७ विमानं पाठवून सुमारे १५० जणांना आणलं. धंदा सोडून निघायला अनेकजण तयारच नव्हते. म्हणून निघायची खूण आधीच ठरवा: कंपनीने कुटुंबं हलवली, विमानफेऱ्या कमी झाल्या किंवा दूतावासाने सूचना काढली, की चालू असलेल्या विमानाचं तिकीट काढायचं.

दाराशी एक पिशवी कायम भरलेली असू द्या: पासपोर्ट, पिवळी पुस्तिका, या सगळ्याच्या प्रती, स्वच्छ नव्या डॉलरच्या नोटा, कारण फाटक्या किंवा जुन्या छपाईच्या नोटा घेत नाहीत आणि कार्ड क्वचितच चालतं. शिवाय पॉवर बँक, टॉर्च, महिनाभराची औषधं. खोलीत माणशी रोज चार लिटर धरून आठवड्याचं पाणी आणि न शिजवता खाता येईल असा कोरडा खाऊ ठेवा. थुराया किंवा इरिडियम सॅटेलाइट फोन मात्र भारतातून नेऊ-आणू नका. परवान्याशिवाय तो इथे बेकायदा आहे आणि विमानतळावर अटक होते.

परतल्यावर तीन महिन्यांत ताप आला तर त्याच दिवशी मलेरियासाठी रक्त तपासा आणि डॉक्टरांना पहिलं वाक्य हेच सांगा: "मी दक्षिण सुदानहून आलोय." नाहीतर आपल्याकडे पावसाळ्यात तो ताप डेंग्यू नाहीतर व्हायरल म्हणून दोन दिवस घरीच काढला जातो. पहिली तपासणी निगेटिव्ह आली तरी १२ ते २४ तासांच्या अंतराने आणखी दोनदा करून घ्या.