मीठ लाईट खातं: खाऱ्या टँकवाल्यांनो, या चुका टाळा

पावसाळ्यात आपण मिठाच्या बरणीत तांदळाचे चार दाणे टाकतो. मीठ हवेतली ओल ओढून घेतं आणि बरणीला पाणी सुटतं, म्हणून. समुद्री माशांच्या, खाऱ्या पाण्याच्या टँकवर टांगलेल्या लाईटचं नेमकं हेच होतं, फक्त त्यात तांदूळ टाकायची सोय नाही.

माझा पहिला एलईडी लाईट चौदाव्या महिन्यात गेला. वॉरंटी अर्थातच १२ महिन्यांची. उघडून बघितला तर आत पाण्याचा थेंबही नव्हता. फॅनच्या पात्यांवर पांढरी पपडी होती, एका कनेक्टरची पिन हिरवी पडली होती आणि बोर्डावर चिकट, ओलसर डाग होते. वर्षभर मी त्या लाईटला पाण्याच्या शिंतोड्यांपासून जपलं होतं. शिंतोडे सुकल्यावर मागे काय राहतं, याचा विचारच केला नव्हता.

समुद्राच्या पाण्यात लिटरमागे साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात. कपभर पाणी उडून वाळलं की चहाचा एक चमचा भरेल एवढं मीठ उरतं. स्वयंपाकातलं मीठ हवेतली आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की आपणहून विरघळायला लागतं. टँकच्या मिठात मॅग्नेशियम क्लोराईडही असतं, त्याला तर ३३ टक्क्यांच्या आसपासची आर्द्रता पुरते. म्हणजे मुंबई-कोकणातल्या पावसाळ्यात लाईटवर बसलेलं मीठ वाळतच नाही. ती ओल वीज वाहून नेते, पिना कुजवते आणि ॲल्युमिनियमवरचा संरक्षक थर फोडून त्याला खड्डे पाडते.

लाईट उंच टांगला की काम झालं, असं समजणं

मोठे थेंब फार वर जात नाहीत. खरा त्रास बुडबुड्यांचा. बुडबुडा पृष्ठभागावर फुटला की त्याच्या पातळ पापुद्र्याचे बारीक तुषार उडतात आणि तळातून पाण्याची छोटी पिचकारी वर येते. यातले सगळ्यात बारीक तुषार हवेत तरंगत राहतात आणि लाईटचा फॅन ते हवेबरोबर आत ओढतो. लाईट आठ-दहा इंच वर घेतल्याने फरक पडतो, पण बुडबुडे तसेच राहिले तर फक्त वेळ मिळतो.

तेव्हा आधी बुडबुडे कुठून येतात ते शोधा. एअर स्टोन (बुडबुडे सोडणारा दगड) टँकमध्ये असेल तर काढून टाका, हवा मिसळायचं काम स्किमर (बुडबुड्यांनी घाण काढणारं यंत्र) खाली सम्पमध्ये, म्हणजे टँकखालच्या पाण्याच्या टाकीत, करतोच. सम्पची पातळी उतरली की रिटर्न पंप (पाणी परत टँकमध्ये चढवणारा) हवा ओढतो आणि वरती सोड्यासारखं फसफसतं. बऱ्याचदा दुखणं एवढंच असतं आणि आरओ पाण्याने टॉप-अप केलं की थांबतं. टॉप-अप खाऱ्या पाण्याने करू नका. बाष्प होऊन जातं ते पाणी, मीठ टँकमध्येच असतं.

तिसरी जागा म्हणजे अर्धवट पाण्याबाहेर असलेलं रिटर्नचं नोझल, म्हणजे पाणी टँकमध्ये सोडणारी तोटी. ते दोन-तीन सेंटीमीटर पाण्याखाली घ्या, पण एक सांभाळा. लाईट गेली (इथे लाईट म्हणजे वीज) की पाणी त्याच पाईपमधून उलटं सम्पमध्ये येतं आणि नोझल उघडं पडेपर्यंत येत राहतं. नोझल जितकं खोल, तितकं जास्त पाणी खाली. पाईपला पाण्याच्या पातळीच्या जरा खाली बारीक भोक पाडलं की तिथून हवा शिरते आणि हे थांबतं. ते भोक शेवाळाने बुजतं. म्हणून अधूनमधून पंप बंद करून सम्प भरून वाहतो का, हे स्वतः उभं राहून बघा. रात्री दोन वाजता कळण्यापेक्षा बरं.

तुषार येतात की नाही याची शंका असेल तर काळ्या प्लॅस्टिकचं एखादं झाकण लाईटच्या उंचीवर रात्रभर टांगून ठेवा. सकाळी पांढरे ठिपके दिसले तर उत्तर मिळालं.

टँक पूर्ण झाकणं

काच टाकली की तुषार थांबतात, हे खरं. पण वायूंची देवाणघेवाण कमी होते आणि मे महिन्यात पाणी तापतं. जाळीचं झाकण मासा उडी मारू नये म्हणून चांगलं, तुषारांना ते अडवत नाही. ॲक्रेलिकची शीट काही दिवसांत वाकते. मला पटलेला उपाय म्हणजे लाईटच्या बरोबर खाली ४ मिलिमीटर काचेची पट्टी आणि दोन्ही बाजू उघड्या. काचेवर मीठ साचणारच, पण काच उचलून बेसिनमध्ये धुता येते. लाईट बेसिनमध्ये धुता येत नाही.

कोरड्या फडक्याने पुसणं

मिठाचे कण लेन्सवर पॉलिश पेपरसारखे घासतात. काच पुसायचा निळा स्प्रे तर हाताशीही ठेवू नका: त्यातला अमोनिया टँकला घातक, आणि स्पिरिटसारख्या द्रवांनी ॲक्रेलिकच्या लेन्सला बारीक चिरा पडतात. प्लग काढा, लाईट गार होऊ द्या, मायक्रोफायबरचं फडकं आरओ पाण्यात भिजवून घट्ट पिळा आणि मीठ आधी विरघळू द्या. मग दुसऱ्या स्वच्छ ओल्या फडक्याने पुन्हा एकदा पुसा, शेवटी कोरडं करा. पाणी लाईटवर फवारू नका. तरीही खडूसारखा थर उरला तर पाणी घातलेलं पांढरं व्हिनेगर चालतं. बोअरिंगचं पाणी नको, ते स्वतःचेच डाग सोडतं.

पपडी खरवडताना ती टँकमध्ये पाडू नका. मिठाचा खडा ॲनिमोनवर (फुलासारखा दिसणारा समुद्री प्राणी) पडला तर त्याला इजा होते. हिरवट पूड तर अजिबात नको, कारण त्यात तांबं असतं आणि कोळंबी, ॲनिमोन यांना तांबं विषासारखं आहे.

आणखी एक गोष्ट सहज विसरली जाते. महिनोन् महिने मळलेली लेन्स एकदम चकचकीत झाली की खाली अचानक जास्त उजेड पडतो आणि ॲनिमोन आकसतो. सफाईनंतर लाईट थोडा कमी करा आणि आठ-पंधरा दिवसांत पूर्ववत आणा.

फॅनची घरघर ऐकून सोडून देणं

दुपारी दोन-तीन तास चालल्यावर लाईट आपोआप मंद होतो? लोक म्हणतात एलईडी म्हातारे झाले. बहुतेक वेळा फॅन अडकलेला असतो किंवा हीटसिंकच्या (उष्णता बाहेर टाकणाऱ्या धातूच्या पट्ट्यांच्या) फटी मिठाने बुजलेल्या असतात, आणि लाईट तापू नये म्हणून स्वतःला आवरतो. मऊ ब्रशने फटी साफ करा. फॅनला शिलाई मशीनचं तेल घालू नका, त्यावर मीठ आणि धूळ आणखी चिकटते. त्याच मापाचा, त्याच व्होल्टेजचा नवा फॅन बसवा, हवेची दिशा जुन्यासारखीच ठेवा.

एकच रंग गेला असेल, समजा निळा, किंवा लाईट लुकलुकत असेल, तर आधी कनेक्टर बघा. पिन साफ करून, पूर्ण वाळवून, सिलिकॉन ग्रीसचा हलका हात द्या. स्टँडचे स्क्रू गंजले असतील तर ३१६ दर्जाच्या स्टेनलेस स्टीलचे घ्या, ३०४ दर्जाचं खाऱ्या हवेत तितकं टिकत नाही.

ॲडॅप्टर सम्पच्या कपाटात ठेवणं ही तर घरोघरची चूक. ती घरातली सगळ्यात दमट जागा. तो बाहेर, भिंतीवर, पाण्याच्या पातळीच्या वर लावा. वायर सॉकेटच्या खाली झोका घेऊन मग वर जाऊ द्या, म्हणजे ओघळणारा थेंब झोक्याच्या तळाशी टपकतो, सॉकेटमध्ये शिरत नाही.

खोक्यावर आयपी ६७ (धूळ-पाण्यापासून बचावाचा दर्जा) लिहिलंय म्हणून बिनधास्त राहू नका. ती चाचणी साध्या पाण्यात होते, मिठाने धातू खाल्ला जाईल का हे ती सांगत नाही. आणि पाण्यात बोट घातल्यावर मुंग्या आल्यासारखं वाटलं, तर ताबडतोब मेन स्विच बंद करा. टँकच्या लाईनवर ३० मिलिॲम्पिअरचा आरसीसीबी (वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच) नसेल तर तो इलेक्ट्रिशियनकडून बसवून घ्या, लाईटची दुरुस्ती त्यानंतर.